कागदावरचा सूर: तो ओळखायचा कसा आणि लावायचा कसा

पुस्तकं मोठ्यानं वाचायचे मी पैसे घेते. ऑडिओबुकं, अधूनमधून एखादी श्रुतिका. समोर माइक, कानावर हेडफोन, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. मनात वाचताना सूर चुकला तरी कुणाला कळत नाही, वाचणाऱ्यालाही नाही. माइकसमोर मात्र तो लगेच उघडा पडतो. ‘ती हसली’ हे वाक्य मी कडवट वाचून मोकळी झाले आणि पुढच्याच ओळीत ती त्याचा हात हातात घेते, असं निघालं, की संपलं. रीटेक.

म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी पेन्सिल घेऊन अख्खं पुस्तक मार्क करावं लागतं. श्वास कुठे घ्यायचा, थांबायचं कुठे, हे तर असतंच. पण मुख्य खूण असते ती सांगणारा माणूस कुठल्या सुरात बोलतोय याची. ती कशाच्या आधारावर करायची, ते इथे सांगते. तुम्ही लिहीत असाल तर हेच उलट बाजूनं वापरा: मी जे शोधते, ते तुम्हाला पेरायचं असतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. सूर विशेषणांत नसतो. ‘हृदयद्रावक’, ‘भयाण’, ‘विषण्ण’ हे शब्द पानावर कितीही पसरले तरी आवाजानं काय करायचं ते त्यांतून समजत नाही. ते सांगणारे शब्द भलतेच असतात. च, की, तर, म्हणे, एकदाचा, बरं का. व्याकरणाच्या पुस्तकात ज्यांची घाईघाईनं बोळवण होते, ते.

आधी दोन प्रश्न

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स हे समीक्षक विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता द्यायचे आणि त्यांवर काय वाटलं ते लिहून मागायचे. त्या उत्तरांवर बेतलेलं त्यांचं ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक १९२९ साली आलं. चांगली शिकलेली मुलं कविता किती वेडीवाकडी वाचतात, याचा तो पंचनामाच आहे. त्यात रिचर्ड्स अर्थाचे चार पदर वेगळे करतात: शब्द जे सांगतात ते, सांगितलेल्या गोष्टीबद्दल बोलणाऱ्याला जे वाटतं ते, ऐकणाऱ्याशी त्याची वागण्याची तऱ्हा, आणि या सगळ्यामागचा हेतू.

मधले दोन पदर माझ्या समासात रोज असतात. आपण ‘सूर’ म्हणतो तेव्हा दोन्ही एकात कालवतो आणि मग काहीच धड सापडत नाही. म्हणून प्रत्येक उताऱ्याला दोन वेगळे प्रश्न विचारा. सांगणाऱ्याला या गोष्टीबद्दल काय वाटतं? आणि तो ऐकणाऱ्याला कुठे बसवतोय?

हे दोन उतारे बघा.

‘आमचा दादा. त्याला कुणी काही शिकवायला जाऊ नये. तो आधीच शिकलेला असतो.’

‘माझे ज्येष्ठ बंधू कोणाचेही मार्गदर्शन स्वीकारत नाहीत.’

माहिती एकच. वैतागही जवळपास तेवढाच. पण पहिल्यात ऐकणारा शेजारी बसलाय, त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या जाताहेत, आणि वैतागाखाली थोडं कौतुकही आहे. ‘आमचा’ या एका शब्दानं ते आत आणलं. दुसऱ्यात ऐकणारा टेबलापलीकडे गेला. तो वकील असेल, डॉक्टर असेल, नाहीतर सांगणाऱ्याला आता भावाशी काही देणंघेणं उरलेलं नसेल. यातलं नेमकं काय, ते आजूबाजूची वाक्यं सांगतील. पण या वाक्यात कौतुक नाही, एवढं इथेच ठरलं.

मार्किंग करताना माझी एक सवय आहे: पहिलं पान शेवटी मार्क करते. सांगणाऱ्याला गोष्टीचा शेवट ठाऊक असतो, आपल्याला नसतो. घडून गेल्यावर बोलणारा माणूस पहिल्या वाक्यातच थकलेला असतो, किंवा सुटलेला असतो. तुम्ही पहिलं पान कोऱ्या उत्साहानं वाचता आणि शेवटाला पोचल्यावर कळतं, की ते पान मुळात एका म्हाताऱ्यानं, सगळं गमावून झाल्यावर सांगितलं होतं. लिहिणाऱ्यांनीही पहिलं पान शेवटी पुन्हा लिहावं, ते याचसाठी. पहिल्या खर्ड्यात लेखकालाच सूर सापडलेला नसतो, तो साधारण विसाव्या-पंचविसाव्या पानावर सापडतो आणि आधीची पानं तशीच परक्या आवाजात राहून जातात. हस्तलिखितांत हे मला फार भेटतं.

एक वाक्य घ्या आणि पिळून काढा

आता हे करून बघा. मनात नको, मोठ्यानं.

बाबा आले.

ही बातमी. सांगणारा तटस्थ, किंवा तटस्थ असल्याचं दाखवणारा.

आले बाबा.

क्रियापद पुढे आलं आणि कुणीतरी वाट बघत होतं हे समजलं. आनंदानं की धास्तीनं, ते आधीचं वाक्य ठरवणार. आधी ‘टीव्ही बंद कर’ असेल तर धास्ती.

बाबा आलेच.

इथे त्यांची वेळ चुकली. नेमक्या नको त्या क्षणी आले, किंवा बोलवावं लागलं नाही.

बाबा आले की!

हे उत्तर आहे. प्रश्न पानावर नसेल तरी तो विचारला गेलाय: कुणीतरी म्हणालंय की ते आले नाहीत, आणि आपण त्यांची बाजू घेतोय.

बाबा आले म्हणे.

सांगणाऱ्यानं हात झटकले. मी पाहिलं नाही, ऐकलं. खरंखोटं तुमचं तुम्ही बघा.

बाबा आले एकदाचे.

ताटकळणं, सुटका आणि थोडी चीड, सगळं एका शब्दात.

बाबा आले तर आले.

आता पर्वा उरलेली नाही. निदान तसं म्हणायचंय.

आले बिचारे बाबा.

इथे लेकरू बापापेक्षा मोठं झालं.

बाबा अवतरले.

हे मात्र तोंडावर बोलायची हिंमत नसलेल्याचं वाक्य आहे.

यात कुठेही ‘आनंदानं’, ‘रागानं’, ‘उपरोधानं’ असं काही लिहावं लागलेलं नाही. तरी दर वेळी बाप वेगळा, घर वेगळं, सांगणारं पोर वेगळ्या वयाचं. मराठीनं हे फुकट देऊन ठेवलंय आणि आपण ‘तो उपरोधानं म्हणाला’ लिहीत बसतो.

‘म्हणे’वर जरा थांबते, कारण तो माझा लाडका आहे. ऐकीव माहितीसाठी तो येतो हे सगळ्यांना ठाऊक. पण तो स्वतःबद्दल बोलताना आला की काय होतं ते बघा. ‘मला तो आवडायचा.’ कबुली. ‘मला तो आवडायचा म्हणे.’ आता ही बाई आपल्याच जुन्या रूपाकडे परक्यासारखी बघतेय. लोक सांगतात, मला आठवत नाही, किंवा आठवतं पण मानायचं नाही. हे वाक्य वाचताना आवाज किंचित वर जातो आणि हसू येतं न येतं तोच थांबतो. लेखिकेनं दोन अक्षरं घातली, बाकीचं काम वाचणाऱ्याच्या घशानं केलं.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चं (१९६३) उदाहरण याच जातीचं. निवेदकाचे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ नको तिथे, अगदी गंभीर गोष्टीलाही चिकटून येतात. हा मुलगा कशालाच पूर्ण किंमत द्यायला तयार नाही, आपल्या स्वतःच्या आयुष्यालाही नाही, सगळंच नमुन्यादाखल. मी ते असं वाचते. आणि मग जिथे खरंच दुखतंय तिथेही तोच ढंग चालू राहतो, तेव्हा तो बोचतो. तुमच्या कथेत ‘वगैरे’ येत असेल तर एवढंच तपासा: निवेदक त्यानं काही झाकतोय का? झाकत नसेल तर ती नुसती ढब आहे. काढून टाका.

ही कसोटी सगळ्याच छोट्या शब्दांना लावता येते. परिच्छेदातले च, ही, तर, की, ना, मग पेन्सिलीनं खोडा आणि पुन्हा वाचा. काही फरक पडला नाही, तर ते फुकटचे होते. वाक्य मुकं झालं, तर परत घाला. सगळे परत येणार नाहीत. ‘च’ तर हमखास निम्मे गळतात. मराठी माणूस लिहिताना घाबरला की ‘च’ लावतो.

सांगणारा किती लांब उभा आहे

दुःखाच्या प्रसंगाला सर्वांत जास्त गफलत होते.

रशियन कथाकार चेखव १८९२ साली लिडिया अविलोवा या लेखिकेला पत्रातून सांगतो, की दुर्दैवी माणसं रंगवताना वाचकाला हेलावायचं असेल तर स्वतः जास्त थंड राहा; तो थंडपणा त्या दुःखाला पार्श्वभूमी देतो आणि ते उठून दिसतं. हा सल्ला सगळ्यांना पाठ असतो. तो अमलात आणायचा म्हणजे वाक्याच्या पातळीवर काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून एक प्रसंग दोन तऱ्हांनी लिहून दाखवते.

‘सुमतीच्या काळजात कालवाकालव झाली. तो चष्मा पाहताच तिचे डोळे भरून आले. आता हा चष्मा घालणारा या जगात नव्हता! तिला हुंदका आवरेना. नियती किती क्रूर असते!’

‘सुमतीनं टेबलाचा खण रिकामा करायला घेतला. पेनं एका बाजूला, किल्ल्या एका बाजूला. कुठली किल्ली कशाची, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. चष्मा निघाला. तिनं तो घालून पाहिला. समोरचं सगळं पुसट झालं. तिनं काचा पुसल्या, परत घातला. तेवढंच पुसट. मग तो डबीत बंद करून पेनांच्या बाजूला ठेवला.’

पहिला उतारा मोठ्यानं वाचून बघा. दुसऱ्या वाक्यापर्यंत आवाज ओला झालेला असतो आणि अजून तीन वाक्यं बाकी असतात. पुढे करायला काही उरतच नाही, नुसतं आणखी ओलं व्हायचं. रडण्याचं सगळं काम निवेदकानंच उरकल्यावर ऐकणाऱ्याच्या वाट्याला काय येणार?

दुसऱ्यात निवेदक खोलीच्या दारात उभा आहे. आत आलेला नाही. पण तो कोरडा नाही, हे कशावरून? एका वाक्यावरून: ‘कुठली किल्ली कशाची, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.’ तिथे तो जरासा पुढे झुकला, लगेच मागे सरला. त्या वाक्यातला ‘आता’ वाचताना मी किंचित रेंगाळते. अख्ख्या उताऱ्यात तेवढी एकच सूट घेते.

आता क्रियापद बघा. ‘चष्मा निघाला.’ ‘सापडला’ नाही. सापडला म्हटलं की ती शोधत होती, मग हा आठवणी गोळा करण्याचा प्रसंग झाला. निघाला म्हणजे तो आपणहून पुढ्यात आला, तिची तयारी नसताना. ‘दिसला’ म्हटलं असतं तर तिला पाठ फिरवता आली असती. शिवाय ‘निघाला’ हे झाडलोटीच्या कामातलं साधं क्रियापद आहे, त्याला दुःखाचा वास नाही, म्हणून ते इथे चालतं.

काचा पुसण्याची जागा अशीच. पुसट का दिसतंय ते तिला माहीत आहे; नंबर तिचा नाही. तरी ती पुसते. निवेदक ‘वेडी आशा’ म्हणत नाही, तो पुसू देतो आणि ‘तेवढंच पुसट’ एवढंच नोंदवतो. शेवटी चष्मा पेनांच्या बाजूला जातो, किल्ल्यांच्या नाही. पेनं उपयोगाची असतात. हे ऐकणाऱ्याच्या लक्षात आलं नाही तरी चालेल. लेखकाच्या मात्र यायला हवं.

संयम आणि कोरडेपणा यांत फरक आहे, आणि तो सल्ला देणाऱ्यांनीही पुष्कळदा पुसलाय. संयमित उताऱ्यात कुणाच्या तरी हातात काहीतरी असतं: वस्तू, काम, हिशेब. भावना हाताकडे वळवलेली असते. कोरड्या उताऱ्यात हात रिकामे असतात आणि वाक्यं नुसती तोडलेली. ‘ती उठली. खिडकीपाशी गेली. बाहेर पाहिलं. काही नव्हतं.’ असली पानंच्या पानं मी वाचलीत. त्याला गंभीर साहित्य समजलं जातं. माझ्या मते ती सूर न सापडल्याची खूण आहे.

एका लेखकानं मला फोन करून सांगितलं होतं, ‘अमुक पानावर जरा रडवेलं वाचा, तिथे लोक रडले पाहिजेत.’ ते पान मी उघडून पाहिलं. दुःख, वेदना, अश्रू, सगळी मंडळी हजर होती. रडावं अशी घटना तेवढी नव्हती. आवाजानं ती भरून काढता येत नाही. उलट ओलेपणा वाढवला की पान आणखी पोकळ ऐकू येतं.

शब्द एक बोलतात, आवाज दुसरं

आपल्याकडे याचा विचार फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘काकु’ येते: उच्चाराच्या बदलानं अर्थ बदलणं. पुढे अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकारानं ‘काव्यप्रकाशा’त तिच्यासाठी भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकातला भीमाचा श्लोक घेतलाय. पाच गावांवर तह करायचं चाललंय आणि भीम खवळलाय. त्याचे शब्द सरळ घेतले तर तो म्हणतो: मी रागानं रणात शंभर कौरवांना चिरडणार नाही, दुःशासनाच्या छातीचं रक्त पिणार नाही, गदेनं सुयोधनाच्या, म्हणजे दुर्योधनाच्या, मांड्या फोडणार नाही, करू दे तुमच्या राजाला तह.

शब्दांत प्रत्येक वेळी ‘नाही’ आहे. ऐकू येतं ते ‘नाही म्हणता? बघाच!’

गंमत अशी, की काकु हा आवाजाचा प्रकार आणि श्लोक तर कागदावर. मग मुक्यानं वाचणाऱ्याला तो उलटा अर्थ कसा लागतो? दोन आधार आहेत. एक, भीमाच्या प्रतिज्ञा आपल्याला आधीपासून ठाऊक असतात. त्या मोडणारा भीम असूच शकत नाही. दुसरा बारीक आहे: ‘तुमचा राजा’. युधिष्ठिर त्याचा सख्खा थोरला भाऊ. त्याला ‘तुमचा’ म्हणून ढकलून दिल्यावर वरच्या सगळ्या ‘नाही’ कशा दातओठ खाऊन आल्यात ते कळतं.

उपरोध लिहिताना हेच दोन आधार द्यायचे असतात. बोलणारा कोण आहे हे आधी रुजवा, आणि शब्दांच्या विरुद्ध जाणारी एखादी वस्तुस्थिती त्याच वाक्यात ठेवा. मग डोळा मारायची गरज उरत नाही. ‘साहेब फार दयाळू. कुणाचा पगार कापला तर त्याला स्वतः केबिनमध्ये बोलावून सांगत.’ यात ‘दयाळू’भोवती अवतरणचिन्हं घातली, किंवा पुढे कंसात उद्गारचिन्ह टाकलं, की मेलं. आणि ‘सांगत’ हे रूप वाया घालवू नका: ‘सांगितलं’ असतं तर एकदाच घडलं असतं. ‘सांगत’ म्हणजे पगार नेमानं कापले जात.

जोनाथन स्विफ्टनं १७२९ साली ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ लिहिलं, त्यात आयर्लंडमधल्या गरिबांची तान्ही मुलं श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत अशी सूचना आहे. सूर कसा? सभ्य, काळजीवाहू, आकडेमोडीत रमलेला. तो एकदाही घसरत नाही. अंगावर काटा येतो तो सूचनेपेक्षा त्या सभ्यपणानं. हे मोठ्यानं वाचणाऱ्याला तिरकस वाचायचा मोह होणार, आणि तिथेच तो फसणार. उपरोध वाचायचा तर सरळ चेहऱ्यानं. लिहायचाही तसाच.

तू, तुम्ही, आपण

संवादांत सूर मोजायला सर्वनामं पुरेशी असतात. एका प्रकरणात कोण कुणाला काय म्हणतं, ते समासात लिहीत जा. जिथे बदल होतो तिथे काहीतरी घडलेलं असतं, मग तिथे भांडण दाखवलेलं असो वा नसो. वर्षानुवर्षं ‘तू’ म्हणणारा मित्र पैशाचा विषय निघाल्यावर ‘तुम्ही लोक’ म्हणाला, की मैत्री संपली. नायिका ‘अहो’वरून ‘अरे’वर आली, तर जवळीक तरी झाली किंवा आदर तरी गेला.

‘पत्र वाचलंस?’
‘वाचलं.’
‘मग?’
‘मग काय. आपण मोठे, आपण ठरवायचं.’

बहीण थोरल्या भावाला हे म्हणते. ‘आपण’ म्हणजे आपण दोघं, की टोमण्यातलं ‘आपण’, महाराजांसारखं? ‘मोठे’ दोन्हीकडे बसतं. मला वाचताना एक बाजू घ्यावीच लागते. ‘आपण’वर दाब दिला की टोमणा, न देता सरकलं की समजूत. कागदावर मात्र दोन्ही अर्थ एकदम जिवंत राहतात, आणि भावालाही नेमका तोच पेच पडलेला असतो. अशा जागी छापील पान आमच्यापेक्षा वरचढ ठरतं, हे कबूल. तेव्हा लिहिणाऱ्यांनो, अशा ठिकाणी ‘ती टोमणा मारत म्हणाली’ जोडून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका.

क्रियापद कुठल्या काळातून बोलतंय

आजोबा खिडकीत बसत.
आजोबा खिडकीत बसायचे.
आजोबा खिडकीत बसले होते.

‘बसायचे’ हे गप्पांतलं; सांगणाऱ्यानं ते पाहिलंय आणि तो आत्ता आपल्याशी बोलतोय. ‘बसत’ लिखित आहे, त्याला थोडं अंतर आणि थोडा मान आहे. याच घरातली ‘येई, बसे, बोले’ ही रूपं घेतली तर गोष्ट एकदम जुनी होते, कथेकऱ्याच्या तोंडी जाते. ‘बसले होते’ ऐकलं की कान टवकारतात, कारण आता काहीतरी घडणार. आठवणींच्या लेखनात ‘बसायचे’वरून ‘बसले होते’वर केव्हा यायचं, यावर निम्मा सूर अवलंबून असतो. सवयीच्या काळात वाचक सुस्तावतो, आणि मग ‘त्या दिवशी’ न म्हणताही नुसतं क्रियापद बदलून त्याला जागं करता येतं.

कचेरीची भाषाही सूर लावते. ‘सदर मांजराने पहाटेच्या सुमारास सोफ्यावर अतिक्रमण केले असून तो रिकामा करण्याबाबत त्यास वारंवार तोंडी सूचना देण्यात आल्या आहेत.’ विनोद दोन गोष्टींच्या अंतरात आहे, मांजर आणि ‘सदर’. हे एका परिच्छेदापलीकडे ताणू नका. तिसऱ्या परिच्छेदात मांजर जातं आणि कचेरी उरते.

विरामचिन्हांबद्दल थोडक्यात. उद्गारचिन्ह म्हणजे मला ओरडायची सूचना. प्रत्येक पानावर ओरडणारा निवेदक कुणाला ऐकवत नाही. तीन टिंबं म्हणजे वाक्य अर्धवट सोडणं. ती पानावर तीन-चारदा आली की निवेदकाला दम लागल्यासारखं ऐकू येतं. बाकी पूर्णविरामावर भागतं.

सूर बदलायचा असेल तर

अख्खं पुस्तक एका सुरात नसतं, नसावंही. प्रश्न असतो तो सांध्याचा. हस्तलिखितात लेखक बहुतेक वेळा बदल जाहीर करतात: ‘पण नियतीच्या मनात वेगळंच होतं.’ हे वाक्य दिसलं की पुढचं वाईट मी आधीच वाचलेलं असतं आणि ऐकणाऱ्यानंही.

सांधा आधीच्या सुरातच ठेवून बघा. मजेत चाललेल्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्यही मजेतच असू दे, फक्त त्यातला तपशील पुढच्या प्रसंगाचा असू दे. ‘शरदमामा गाडी चालवताना इतकं बोलायचा, की समोर बघायला त्याला वेळ मिळायचा नाही.’ वाचक हसतो. पुढचा परिच्छेद: ‘पोलिसांनी आम्हाला त्याचं घड्याळ दिलं.’ इथे मी आवाज बदलत नाही. तसाच ठेवते, वेग मात्र किंचित उतरवते, आणि दोन परिच्छेदांमध्ये नेहमीपेक्षा एक श्वास जास्त घेते. रेकॉर्डिस्टला आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो एडिटिंगमध्ये ती शांतता कापतो.

तुमच्या लिखाणातले असे सांधे तपासायचे तर सांध्याच्या आधीची तीन आणि नंतरची तीन वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, कागद समोर न घेता. जिथे तुमचा आवाज आपोआप नाटकी झालाय, तिथे वाक्यानं आपलं काम केलेलं नसतं, म्हणून घशाला करावं लागलं. आधी तिथे विशेषण आहे का बघा आणि ते काढा. नसेल तर क्रियापद बदलून पाहा. तेही ठीक असेल, तर अडचण बहुतेक त्या वाक्यात नाहीच. दोन पानं मागे जा, सांगणारा माणूस तिथेच कुठेतरी हातचा सुटलेला असतो.